खलनायकाची परतीची वाट

दोस्तांनो, एक प्रश्न विचारू? खरं खरं उत्तर द्यायचं हं! गोष्टीतला कोणता माणूस तुमच्या जास्त दिवस लक्षात राहतो? पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अगदी शहाण्यासारखा वागणारा, की आधी भरपूर वाईट वागून मग हळूहळू बदलणारा?

बहुतेकांचं उत्तर 'दुसरा' असंच येणार. शहाण्या माणसाबद्दल आपल्याला आदर वाटतो, पण त्याची काळजी वाटत नाही. तो चुकणार नाही, हे आपल्याला ठाऊकच असतं. वाट चुकलेल्याचं तसं नसतं. 'आता तरी याचे डोळे उघडतील का?' असं मनाशी म्हणत आपण पान उलटतो, आणि आई जेवायला हाका मारत असली तरी पुस्तक खाली ठेववत नाही.

पण एक गंमत आहे बरं का! गोष्टीतला वाईट माणूस बदलला की दर वेळी ते आपल्याला पटतंच असं नाही. सिनेमात अडीच तास लबाड्या आणि मारामाऱ्या करणारा खलनायक शेवटच्या पाच मिनिटांत हात जोडतो, दोन अश्रू गाळतो, सगळे त्याला मिठी मारतात आणि पडदा पडतो. आपण खुर्चीतून उठता उठता म्हणतो, "हॅ! असं कुठं असतं का?" उलट काही गोष्टींत माणूस बदलतो तेव्हा आपलाच गळा दाटून येतो. हा फरक कशामुळे पडतो? घड्याळ कसं चालतं ते पाहायला आपण त्याचं मागचं झाकण उघडतो ना, तसं आज अशा काही गोष्टींचं झाकण उघडून पाहू या.

मारणारी नव्हे, दाखवणारी भुतं

पहिली गोष्ट आहे लंडनची. चार्ल्स डिकन्स या इंग्रज लेखकानं ती १८४३ साली लिहिली. नाव 'अ ख्रिसमस कॅरोल'. डिकन्स बारा वर्षांचा असताना त्याचे वडील कर्ज फेडता न आल्यामुळे तुरुंगात गेले आणि या मुलाला बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवण्याचं काम करावं लागलं. गरिबी म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्याच्या गोष्टीतला म्हातारा स्क्रूज म्हणजे कंजुषांचा राजा! कडाक्याच्या थंडीत आपल्या कारकुनाला, बॉब क्रॅचिटला, तो शेकोटीसाठी नीट कोळसासुद्धा घेऊ देत नाही. सख्खा भाचा सणाचं जेवायला बोलावतो, तर त्याला घालवून देतो. गरिबांसाठी वर्गणी मागायला दोन गृहस्थ येतात. स्क्रूज त्यांना विचारतो, की तुरुंग काय बंद पडले आहेत? आणि वर असंही सुनावतो, की मरणारे मरू देत, तेवढीच गर्दी कमी होईल.

त्याच रात्री त्याच्याकडे भुतं येतात. तुम्हांला वाटेल, आता त्याला चांगला चोप मिळणार! पण ही भुतं त्याला मारत नाहीत. ती त्याला फक्त दाखवतात. शाळेच्या सुट्टीत सगळी मुलं घरी गेल्यावर एकटाच मागे राहिलेला लहानपणीचा स्क्रूज. पैशाच्या नादात ज्या मुलीला तो गमावून बसला, ती मुलगी. क्रॅचिटचं छोटंसं घर, तिथली तुटपुंजी मेजवानी आणि त्याचा आजारी मुलगा टिम. हा मुलगा जगेल ना, असं स्क्रूज कळवळून विचारतो. तेव्हा भूत त्याचेच शब्द त्याला परत ऐकवतं, गर्दी कमी होईल ते!

बघा हं. तोवर 'गरीब लोक' हा स्क्रूजसाठी नुसता एक शब्द होता. आता त्या शब्दाला चेहरा आला, नाव आलं, कुबडी घेऊन चालणारा टिम आला. वाईट वागणारा माणूस बदलायचा तर पहिली गोष्ट हीच घडावी लागते. आपण नेमकं काय केलंय आणि कुणाला केलंय, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं लागतं.

आपल्याकडची वाल्याची लोककथा आठवते? मूळ वाल्मीकिरामायणात ती सापडत नाही, आणि वाल्मीकींना मानणाऱ्या अनेकांना ती मान्यही नाही. पण लोकांच्या तोंडी ती शतकानुशतकं आहे. त्या कथेतला वाल्या प्रत्येक माणूस मारल्यावर रांजणात एक खडा टाकतो. म्हणजे मोजदाद अगदी चोख! पण नुसते खडे मोजून तो बदलत नाही. 'तुझ्या पापात घरचे वाटेकरी होतील का?' हा नारदमुनींचा प्रश्न घेऊन तो घरी जातो, घरचे साफ 'नाही' म्हणतात, आणि मग त्याला ते खडे पहिल्यांदा दिसतात. मोजणं वेगळं आणि दिसणं वेगळं, पटतंय ना?

भरपाई कुठं करायची?

भुतं गेली, सकाळ झाली. आता स्क्रूज काय करतो? तो नुसता 'मी वाईट होतो' म्हणून रडत बसत नाही. तो क्रॅचिटच्या घरी भलीमोठी टर्की कोंबडी पाठवतो, तीही पाठवणाऱ्याचं नाव न कळवता. वर्गणी मागायला आलेल्या गृहस्थांपैकी एक जण रस्त्यात भेटतो, तेव्हा त्याच्या कानात तो एवढा मोठा आकडा सांगतो की त्या गृहस्थाचा श्वासच अडकतो! ज्या भाच्याला हाकललं होतं त्याच्या दारात तो बिचकत बिचकत जाऊन उभा राहतो. आणि दुसऱ्या दिवशी क्रॅचिटचा पगार वाढवतो.

काही लक्षात आलं? गोष्टीच्या सुरुवातीला त्यानं ज्यांना ज्यांना दुखावलं होतं, त्यांच्याचकडे तो परत जातो. समजा, त्यानं यातलं काहीच न करता एखादी मोठी घंटा करवून देवळात टांगली असती, तर आपल्याला तो बदलला असं वाटलं असतं का? मुळीच नाही! भिंत जिथं फोडली, लिंपायचं तिथंच असतं.

आणि क्रॅचिट? साहेब पगार वाढवतोय म्हटल्यावर त्याला आनंद होतो का? छे! त्याला वाटतं, साहेबांना वेड लागलं. पट्टीनं हाणून यांना आडवं करावं आणि मदतीला माणसं बोलवावीत, असा विचार क्षणभर त्याच्या मनात येतो. डिकन्सनं ही जागा विनोदी लिहिली आहे, पण ती खरी आहे. वर्षानुवर्षं ज्यानं छळलं, तो एका सकाळीत बदलला यावर कुणाचा विश्वास बसेल?

चाळीस सूंचं नाणं

आता फ्रान्समध्ये जाऊ. व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझेराब्ल' ही कादंबरी १८६२ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक झाँ वालझाँ बहिणीच्या भुकेल्या मुलांसाठी एक पाव चोरतो. शिक्षा पाच वर्षांची. पण पळून जायचे प्रयत्न फसत गेले, शिक्षा वाढत गेली, आणि सुटला तेव्हा तब्बल १९ वर्षं झाली होती! बाहेर आल्यावर कैदी म्हणून त्याला कुणी दारात उभं करत नाही. एक म्हातारा बिशप तेवढा त्याला जेवू घालतो, झोपायला पलंग देतो. आणि वालझाँ काय करतो? रात्री त्याच बिशपची चांदीची भांडी घेऊन पसार होतो!

शिपाई त्याला पकडून आणतात. बिशप म्हणतो, की भांडी मीच दिली होती, आणि हे मेणबत्त्यांचे चांदीचे स्टँडही याला दिले होते, ते न्यायचे हा विसरला.

ही गोष्ट सांगणारे बरेच जण इथंच थांबतात आणि म्हणतात, 'त्या क्षणापासून वालझाँ सुधारला.' पण थांबा! पुस्तकात तसं नाही. बिशपकडून निघाल्यावर त्याच दिवशी वालझाँला एक लहान मुलगा भेटतो. गाणं म्हणत, नाणी उडवत झेलत चाललेला. त्याचं चाळीस सूंचं नाणं घरंगळत वालझाँच्या पायाशी येतं, आणि वालझाँ त्यावर पाय ठेवतो. (सू म्हणजे फ्रान्सचं त्या वेळचं छोटं नाणं.) मुलगा रडतो, विनवतो. वालझाँ त्याला दरडावून पिटाळून लावतो. थोड्या वेळानं पायाखालचं नाणं दिसतं आणि त्याला जाग आल्यासारखं होतं. तो त्या मुलाच्या नावानं हाका मारत माळरानावर धावत सुटतो. पण मुलगा कायमचा निघून गेलेला असतो. १९ वर्षांत पहिल्यांदाच हा दांडगा माणूस हमसून हमसून रडतो.

ह्यूगोनं हा प्रसंग का बरं घातला असेल? कारण सवय माणसाला लगेच सोडत नाही. मनात चांगुलपणाचं बी पडलं तरी हातापायांना जुनंच वळण असतं. आणि दुसरं म्हणजे, काही गोष्टी परत करता येत नाहीत. ते नाणं त्या मुलाला कधीच मिळालं नाही. पुढे आयुष्यभर वालझाँ दिसेल त्या गरीब पोराला मदत करतो, पण ते नाणं राहिलं ते राहिलंच.

खरी परीक्षा त्यानंतर काही वर्षांनी येते. वालझाँ नाव बदलून एका गावात राहतो, कारखाना काढतो, चक्क त्या गावाचा महापौर होतो. आणि एक दिवस कळतं, की दुसऱ्याच एका माणसाला 'झाँ वालझाँ' समजून पकडलंय आणि त्याला जन्मठेप होणार आहे. वालझाँनं फक्त गप्प बसायचं! कुणाला काही कळलं नसतं. ती रात्र तो तळमळून काढतो, आणि सकाळी दुसऱ्या गावी कोर्टात जाऊन सगळ्यांसमोर सांगतो, की तुम्ही शोधताय तो माणूस मी आहे. महापौरपद, कारखाना, मान, सगळं एका वाक्यात जातं.

इथं आपला विश्वास पक्का बसतो. बदलण्यासाठी त्यानं खिशातून काहीतरी मोजलं, आणि जे मोजलं ते त्याला प्रिय होतं. चांगलं वागायला काहीच पडत नसेल तेव्हा कुणीही चांगलं वागतं, नाही का?

दगड झेलणारा भिक्षू

आता वळू या दुसऱ्या बाजूकडे. ज्यांना त्रास झाला त्यांचं काय? माफी मागितली की त्यांनी लगेच 'जाऊ दे' म्हणायचं का?

पाली भाषेतल्या बौद्ध ग्रंथांत अंगुलिमालाची कथा आहे. माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घालणारा हा भयंकर दरोडेखोर. त्याच्यामुळे गावंच्या गावं ओस पडली होती. बुद्धांची भेट झाल्यावर तो शस्त्रं फेकून देतो आणि भिक्षू होतो. ही कथा बहुतेकांना इथवर ठाऊक असते. पण तिचा पुढचा भाग ऐका. भिक्षू झालेला अंगुलिमाल श्रावस्ती नगरात भिक्षा मागायला जातो, तेव्हा कुठून ढेकळं येतात, कुठून काठी, कुठून खापर. डोकं फुटलेलं, वस्त्र फाटलेलं, भिक्षापात्र मोडलेलं अशा अवस्थेत तो परत येतो. बुद्ध त्याला काय सांगतात? हे सहन कर. तुझ्याच कर्माचं हे फळ आहे.

किती शहाणी कथा आहे पाहा! 'आता हा भिक्षू झाला, सगळ्यांनी त्याच्या पाया पडा' असं ती म्हणत नाही. ज्यांच्या घरची माणसं गेली, त्यांच्या रागाला ती जागा देते. आणि अंगुलिमाल? तो उलटून हात उचलत नाही. हात उचलला असता तर त्या क्षणी जुना दरोडेखोर परत आला असता. दगड खाऊनही तो भिक्षूच राहतो, यातच तो बदलल्याचा पुरावा आहे.

सी. एस. लुईस यांच्या १९५० साली आलेल्या नार्नियाच्या पहिल्या पुस्तकातला एडमंड तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीचा असेल. मिठाईच्या आणि राजा होण्याच्या लोभानं हा मुलगा स्वतःच्या भावंडांना दुष्ट चेटकिणीकडे पकडून द्यायला निघतो. पुढे लढाईत तोच जिवावर उदार होऊन तिची जादूची कांडी मोडतो आणि जबर जखमी होतो. भावंडं त्याला माफ करतात. पण मला जास्त आवडतं ते नंतरच्या पुस्तकातलं. मावसभाऊ युस्टास आपल्या वागण्यानं खजील झालेला असताना एडमंड त्याला स्वतःहून सांगतो, की मी तर तुझ्यापेक्षा कितीतरी वाईट वागलो होतो. तो आपली चूक लपवत नाही आणि मिरवतही नाही. दुसऱ्या घसरलेल्याला हात द्यायला तिचा उपयोग करतो. मोठेपणी त्याला लोक 'न्यायी राजा' म्हणतात, ते काही उगाच नाही!

भांडायला उत्तम : दोन खलनायक

आता अशी दोन उदाहरणं, ज्यांवर तुम्ही मित्रमैत्रिणींशी तासभर भांडू शकाल. (ज्यांनी हे पाहिलं-वाचलं नसेल त्यांनी सरळ पुढच्या मथळ्याकडे उडी मारावी. नंतर तक्रार चालणार नाही!)

एक, 'स्टार वॉर्स'मधला काळ्या मुखवट्याचा डार्थ व्हेडर. १९८३ सालच्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये मुलाला वाचवण्यासाठी तो आपल्या दुष्ट सम्राटाला उचलून खोल गर्तेत फेकतो आणि थोड्याच वेळात मरतो. प्रसंग अंगावर काटा आणणारा, यात शंका नाही. पण मरणं हे एका अर्थी सोपंही असतं. त्याच्यामुळे ज्यांची घरं उद्ध्वस्त झाली, त्यांच्यासमोर व्हेडरला कधी उभं राहावं लागलं नाही. एका शूर क्षणानं एवढं सगळं फिटतं का?

दोन, 'हॅरी पॉटर'मधला प्रोफेसर स्नेप. २००७ साली शेवटचं पुस्तक आलं आणि कळलं, की हा माणूस वर्षानुवर्षं जीव धोक्यात घालून हॅरीचं रक्षण करत होता. शूर? नक्कीच! पण तिसऱ्या पुस्तकात बिचाऱ्या नेव्हिलला जगात सगळ्यांत जास्त भीती कुणाची वाटते, आठवतंय? आपल्या याच शिक्षकाची! स्नेप शूर होता हे खरं, आणि वर्गातल्या लहान मुलांशी तो क्रूर वागला हेही खरं. एका बाजूनं दुसरी पुसली जात नाही. दोन्ही एकदम मनात धरून ठेवणं अवघड वाटतं ना? माणसं मात्र बरेचदा अशीच असतात.

सिनेमाआधीची खरी गोष्ट

"पण हे सगळं गोष्टीतच!" असं म्हणणारा एक तरी वाचक असणारच. त्याच्यासाठी ही खास हकिगत.

१९५७ साली व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट आला. कथा ग. दि. माडगूळकरांची. खुनाची शिक्षा झालेल्या सहा कैद्यांना एक जेलर ओसाड माळावर घेऊन जातो. ना बेड्या, ना गजांचा दरवाजा. त्यांच्याकडून तो माळ नांगरून घेतो, भाजीपाला पिकवून घेतो. सहा कैद्यांचे बारा हात आणि जेलरचे दोन डोळे, म्हणून ते नाव! हे कैदी एका गाण्यात सुधारत नाहीत. ते घसरतात, त्यांना पळून जावंसं वाटतं, पण विश्वास टाकणारे ते दोन डोळे त्यांच्यासमोर येतात.

या कथेला आधार होता तो आपल्याच मातीतल्या एका खऱ्या प्रयोगाचा. औंध संस्थानानं १९३९ साली आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. आज हा भाग सांगली जिल्ह्यात येतो. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून भारतात आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांचा त्यामागे पुढाकार होता. भोवती उंच भिंत नाही, कैदी तिथं राहून शेती करणार, कुटुंबही सोबत ठेवू शकणार! माडगूळकर त्याच मुलखातले, म्हणून ही गोष्ट त्यांच्या हाती लागली.

कैद्यांना तिथं 'तुम्ही चांगले झालात' असं प्रशस्तिपत्र कुणी दिलं नव्हतं. जमीन दिली, काम दिलं आणि वेळ दिला. चांगलं होऊन दाखवायचं ते ज्याचं त्यानं.

आपल्या वर्गातल्या गोष्टी

आता जरा आपल्या वर्गात डोकावू या. चौथीत कुणीतरी कुणाची कंपासपेटी चोरलेली असते. आठवी आली तरी त्याचं नाव 'चोर'च! काही हरवलं की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळतात. चार वर्षं तो कसा वागला, हे कुणी पाहत नाही. त्याच्या गोष्टीचं पुस्तक आपण दुसऱ्याच पानावर मिटून टाकलेलं असतं.

याच्या उलटही घडतं. कुणीतरी कुणाबद्दल भलतीसलती अफवा पसरवतं, त्या मुलीला महिनाभर वर्गात यावंसं वाटत नाही, आणि मग पसरवणारा वैतागून म्हणतो, "सॉरी म्हटलं ना! आता किती दिवस फुगून बसणार?" त्याला अंगुलिमाल भेटायला हवा. माफी मागणं आपल्या हातात असतं. ती कधी द्यायची, किंवा द्यायची की नाही, हे ज्याला लागलं त्याच्या हातात असतं. आणि ती मिळाली नाही तरी चांगलं वागायचं थांबवायचं नसतं. शिवाय कुणी अजूनही त्रास देतच असेल, तर 'सुधारेल बापडा' म्हणून गप्प बसू नका. घरी सांगा, बाईंना सांगा, सरांना सांगा.

जाता जाता एक काम. तुम्हांला आवडणाऱ्या, म्हणजे खरं तर न आवडणाऱ्या, एखाद्या खलनायकाची निवड करा आणि त्याच्या गोष्टीचं एक नवं प्रकरण लिहा. नाव द्या 'दुसऱ्या दिवशीची सकाळ'. लिहिताना चार प्रश्न समोर ठेवा. आपण काय केलं, ते त्याला दिसलं का? ज्यांचं नुकसान केलं त्यांच्याच दारी तो गेला का? त्यासाठी त्यानं स्वतःचं काय गमावलं? आणि कुणी विश्वास ठेवला नाही, तेव्हा तो कसा वागला?

चौथ्या प्रश्नाशी तुमची लेखणी बहुधा अडेल. अडू द्या. तिथं घाई करू नका. दार उघडणारा माणूस रागावलेला असेल, तर त्याला रागावू द्या. तो दार लावून घेईल, तर लावू द्या. आणि मग बाहेर पायरीवर उभ्या राहिलेल्या तुमच्या खलनायकाकडे नीट पाहा, तो आता काय करतो ते.